रेम्ब्रांटचं घर, जप्तीची यादी आणि माझे चार तास (घाई नसलेल्यांसाठी धागा)

गिरणाकाठ

राम राम मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

मी चाळीसगावचा, बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, शेवटची अकरा वर्षं वसुलीत गेली त्यामुळे गावोगावचे लोक माझी मोटरसायकल लांबून ओळखायचे आणि दार लावून घ्यायचे, असो. लेक-जावई हॉलंडला असतात, यंदा त्यांच्याकडे दीड महिना राहून आलो. ट्युलिप, पवनचक्क्या, कालव्यातली बोट हे सगळं झालं, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून टाकून लोकांना वीट आणला, त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते ॲमस्टरडॅममधल्या एका घरावर. योडनब्रेस्ट्राट नावाच्या रस्त्यावर ४ नंबरचं घर, लाल खिडक्यांच्या झडपा, तिथे रेम्ब्रांट हा डच चित्रकार १६३९ ते १६५८ राहिला. आता म्युझियम आहे, १९११ पासून.

लेकीचा प्लॅन असा की सकाळी तासाभरात हे घर उरकायचं, मग जेवण, मग तिथलं मोठं चित्रसंग्रहालय, राइक्सम्युझियम. मी आत गेलो तो चार तासांनी बाहेर आलो. ती दीड तासाने कंटाळून समोर कॉफी प्यायला गेली, मधे दोन फोन केले, दुसऱ्या फोनला म्हणाली पप्पा तुम्ही आत कर्ज मंजूर करताय का.

आता मला चित्रातलं काही कळत नाही, हे आधीच सांगतो. ऑडिओचं यंत्र मिळतं तिकिटातच, खोलीत गेलं की नंबर दाबायचा आणि कानात ऐकायचं, कुणी मागून ढकलत नाही, पुन्हा ऐकायचं तर पुन्हा दाबायचं. पहिल्या दोन खोल्या मी सगळ्यांसारखाच ऐकत ऐकत चाललो होतो. मग त्या यंत्रातल्या बाईंनी सांगितलं की हे घर आज जसं मांडलंय ते कशावरून मांडलंय, तर जप्तीच्या यादीवरून. मी तिथेच थांबलो.

झालं असं होतं की या माणसाने ते घर १३ हजार गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) घेतलं, बरीचशी रक्कम हप्त्यांनी द्यायची ठरली आणि हप्ते काही फिटले नाहीत. कमाई भरपूर होती, पण लिलावात जायचा आणि दिसेल ते उचलून आणायचा, शंख, पोवळी, हत्यारं, रोमन बादशहांचे पुतळे, दुसऱ्यांची चित्रं, छापांचे गठ्ठे. शेवटी १६५६ मधे दिवाळं. जुलै महिन्यात कोर्टाची माणसं आली आणि खोलीन् खोली फिरून यादी केली, ३६३ नोंदी. दोन वर्षांनी घर पण लिलावात गेलं, ११ हजारांच्या आसपास. मग मधली अडीचशे वर्षं त्या घराचं काय काय झालं, मजले वाढले, भाडेकरू आले, आतलं सगळं बदललं. १९९० च्या दशकात जेव्हा ठरवलं की आत पुन्हा त्याच्या वेळचं घर उभं करायचं तेव्हा हाताशी काय होतं, तर ती यादी. कुठल्या खोलीत काय होतं हे तिच्यात ओळीने होतं. म्हणजे घर रिकामं करायला केलेल्या यादीवरून साडेतीनशे वर्षांनी घर भरलं.

मी स्वतः असे पंचनामे केलेत हो. कपाट गोदरेज एक, शिलाई मशीन एक (चालू), पितळी हंडे तीन. घरातली बाई दारात पदर तोंडाला लावून उभी असते आणि आपण खाली मान घालून लिहीत असतो, अक्षर मुद्दाम बारीक काढायचं म्हणजे वेळ जातो आणि कुणाकडे बघावं लागत नाही. मला कधी वाटलं नव्हतं की त्या कागदाचा असा पण उपयोग होतो. त्या डच यादीच्या शेवटी एक नोंद आहे, धोब्याकडे धुवायला गेलेले कपडे, शर्ट, रुमाल, टेबलावरची कापडं. समोर नसलेली वस्तू पण कारकुनाने सोडली नाही. हे ऐकून मी एकटाच हसलो, बाजूची जपानी पोरगी बघायला लागली. वसुलीतल्या माणसालाच कळेल ते.

मग मी ऑडिओ काढून खिशात टाकला आणि पुन्हा खालून सुरुवात केली, स्वयंपाकघरापासून, या वेळी कोर्टाचा माणूस असल्यासारखा. हे सगळ्यात चांगलं झालं.

कुणी गेलंय का तिथे? तुम्हाला काय दिसलं ते लिहा, भर घाला.

एक_धुळेकर

आबा लिहिलंय छान पण एक सांगू का, मी २०१९ ला गेलो होतो आणि मला ते घर म्हणजे पैसे वाया वाटले. पाऊण तासात बाहेर. रेम्ब्रांटच्या घरात रेम्ब्रांटची पेंटिंगच जवळपास नाहीत!! त्याच्या गुरूचं एक, त्याच्या शिष्यांची, ओळखीतल्यांची, आणि पलंग कपाटं पण त्याची नाहीत, त्या काळातली दुसरीकडून आणून ठेवलेली. त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र 'नाइट वॉच' बघायचं तर राइक्सम्युझियमलाच जावं लागतं. मग घरात काय बघायचं, खिडक्या?

गिरणाकाठ

हो, खिडक्याच 😄

मस्करी नाही करत. वरची मोठी स्टुडिओची खोली उत्तरेकडची आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर साधारण एकसारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही, म्हणून चित्रकाराला ती दिशा. मी तिथे एका कोपऱ्यात अर्धा-पाऊण तास उभा होतो. ढग आला की खोली निळसर व्हायची, ढग गेला की भिंत पिवळी, पण सावलीची कड कुठेच कापल्यासारखी नाही. मग दुसऱ्या दिवशी राइक्सम्युझियममधे त्याची माणसं बघितली तर चेहऱ्यावरचा तोच उजेड, एका बाजूने येणारा, मऊ. आधी घर आणि मग चित्र असं केल्यामुळे मला ते दिसलं, उलटं केलं असतं तर दिसलं नसतं बहुतेक. तुमचं पण बरोबर आहे, चित्रं बघायला त्या घरात जाऊच नये.

आणि 'नाइट वॉच' १६४२ चं, म्हणजे ते याच घरात राहत असतानाचं. ते एवढं अगडबंब आहे, उंचीलाच साडेतीन मीटरच्या वर, की खोलीत मावलं नसेल, मागच्या अंगणात छप्पर टाकून काढलं असावं असं म्हणतात.

सराफकट्टा

आमचं जळगावला तीन पिढ्यांचं सोनारकाम, म्हणून मला वेगळंच काही आवडलं ते सांगतो. तिथे एका खोलीत छापकामाचं प्रात्यक्षिक असतं, एचिंग म्हणतात ते. बायको पोरं वर जाऊन खाली आली तरी मी तिथेच. तीन वेळा बघितलं, ती करून दाखवणारी मुलगी शेवटी मला स्टूल देत होती.

कसं असतं की तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, तो काळा करायचा. मग सुईने त्या थरावर चित्र ओरखडायचं, जोर द्यायचा नाही, फक्त मेण बाजूला व्हायला पाहिजे, कागदावर पेन चालवल्यासारखं. मग पत्रा तेजाबात. जिथे मेण गेलंय तिथेच तेजाब तांबं खातं, बाकी ठिकाणी शिवत नाही. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि खोल रेघेत शाई जास्त बसते म्हणून ती छापात जास्त काळी येते. फिकी पाहिजे तिथे आधी काढून तेवढ्या भागावर लेप लावून बंद करायचं आणि पत्रा पुन्हा तेजाबात. आमच्याकडे पण तेजाबाचा सगळा खेळ वेळेचाच, बोट वर करून मोजत बसायचं, माझे आजोबा मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे, घड्याळ नव्हतं.

नंतर मेण पुसून पूर्ण पत्र्याला शाई फासायची, मग कापडाने आणि शेवटी तळहाताने वरची शाई पुसायची, रेघांतली तेवढी राहते. ओलसर कागद, वर लोकरीची जाड फडकी आणि दोन रुळांच्या मधून दाबून काढायचं. चित्र उलटं येतं हे लक्षात ठेवायचं, डावं उजवं.

रेम्ब्रांट आणखी एक करायचा, पत्र्यावर थेट सुईने खरवडायचा, तेजाब नाहीच. त्याने रेघेच्या कडेला तांब्याची बारीक कीस उभी राहते, आमच्याकडे ती आम्ही कानशीने घासून काढतो कारण दागिना टोचतो. तो मुद्दाम ठेवायचा!! त्या किसेत शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ दिसते. पण दाबाखाली कीस लवकर मोडते म्हणून असे चांगले छाप थोडेच निघतात. कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी आपल्या धंद्यातली घाण कामाला लावली हे बघून फार मजा वाटली.

त्याने असे २९० च्या आसपास पत्रे केले आणि त्यातल्या बहुतेकांचे छाप या म्युझियमकडे आहेत, थोडे थोडे बदलून लावतात. @एक_धुळेकर भाऊ, पेंटिंग नाहीत पण ही चित्रं त्याचीच आहेत की. लहान असतात, काही तर पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, नाक लावून बघावं लागतं म्हणून लोक पुढे निघून जातात.

एक_धुळेकर

हे मान्य. मी त्या खोलीतून चालत गेलो होतो, कुणीतरी काहीतरी पुसत होतं एवढंच आठवतंय. चुकलंच.

जवसाची_चटणी

मी सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून प्रॅक्टिकल गोष्टी लिहिते, कारण असल्या धाग्यांवर कुणी ते लिहीत नाही. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो, दुसरं स्टेशन वॉटरलूप्लाइन, तिथून चालत चार-पाच मिनिटं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळ निवडावी लागते पण ती आत जायची वेळ, बाहेर कधी यायचं ते तुमच्यावर. आपण शिरतो ते शेजारच्या नव्या इमारतीतून. जुन्या घरातला जिना गोल आणि अरुंद आहे, सासूबाईंचे गुडघे म्हणजे काय सांगू, पण त्या एकेक पायरी बसत बसत चढल्या आणि कुणी काही बोललं नाही. आम्ही सकाळी उघडल्या उघडल्या गेलो, अकरानंतर ग्रुप यायला लागतात आणि मग छोट्या खोल्यांत कोंडल्यासारखं होतं. ग्रुप आला की आम्ही एका बाजूला थांबायचो, पाच मिनिटांत ग्रुप जातो, खोली परत आपली.

सासूबाईंची गंमत. वर रंग करून दाखवतात, दगडाच्या पाटावर रंगाची पूड आणि तेल घेऊन काचेच्या बत्त्याने गोल गोल घोटतात. मातीचे पिवळे तांबडे, हाडं जाळून केलेला काळा, शिशापासून केलेला पांढरा, तो शिसं व्हिनेगरच्या वाफेत आणि घोड्याच्या लिदीच्या उबेत ठेवून करायचे म्हणे. आणि तेव्हा ट्यूब नव्हत्या म्हणून केलेला रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे (हे मी सासूबाईंना सांगितलं नाही). तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या "इथं जवस घाणलंय का गं कुणी?" मला काही वासच आला नव्हता. आणि खरंच ते तेल जवसाचंच! त्यांच्या माहेरी यावलकडे घाणा होता. मग त्या पुढे झाल्या आणि त्या माणसाला हातवारे करून सांगायला लागल्या की असं नाही, मनगट सैल सोड. त्याने दिला बत्ता त्यांच्या हातात. दहा मिनिटं पिवळा रंग घोटला त्यांनी. ॲमस्टरडॅममधे त्यांना लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे एवढीच, कालवे बिलवे नाही.

मेहरूण_तलाव

ताई 😂😂 सासूबाईंना साष्टांग.

आम्ही मागच्या वर्षी एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, त्यांनी या घरासमोर बस थांबवून बाहेरून फोटो काढायला दिला, १५ मिनिटं, आणि वेबसाइटवर 'रेम्ब्रांट हाऊस व्हिजिट' असं लिहिलेलं होतं. आत्ता हे सगळं वाचून जळफळाट होतोय.

पोरगी_पाचोऱ्याची

सगळे स्टुडिओ आणि रंग आणि तेजाब यावर बोलतायत, मी जरा स्वयंपाकघरात जाते.

तिथे चूल आहे आणि भिंतीतल्या कपाटात पलंग आहे, दार लावलं की कपाट. कामवाली बाई तिथेच झोपायची. पलंग इतका आखूड की आपल्याला वाटतं लहान मुलाचा आहे, तिकडे सांगतात की लोक तेव्हा उशांना टेकून अर्धवट बसून झोपायचे. मी तिथे बराच वेळ बसले होते, कारण या घरातल्या बायकांचं मी आधी वाचून गेले होते.

त्याची बायको सास्किया, चार मुलं झाली त्यातली तीन तान्ही असतानाच गेली, चौथा टायटस १६४१ ला झाला आणि पुढच्याच वर्षी ती गेली, वय २९. टायटसला सांभाळायला गेर्टे नावाची विधवा बाई ठेवली. मग दोघांचं जमलं. मग त्याचं दुसरीवर मन गेलं, हेंड्रिक्ये, ती पण घरातलीच कामाची मुलगी. गेर्टे कोर्टात गेली, म्हणाली याने लग्नाचं वचन दिलं होतं. कोर्टाने तिला वर्षाला २०० गिल्डर पोटगी लावली. आणि याने काय करावं, १६५० मधे तिला गौडा गावातल्या बायकांच्या सुधारगृहात टाकायला लावलं, पाच वर्षं ती आत होती. हेंड्रिक्येला पण पुढे चर्चने बोलावून झापलं, लग्नाशिवाय राहतेस म्हणून, ती तेव्हा गरोदर होती. याला नाही बोलावलं, हिलाच.

एवढ्या मऊ उजेडात म्हाताऱ्या बायकांचे चेहरे काढणारा माणूस. मी त्या कपाटाच्या पलंगाकडे बघत होते आणि मला वरच्या मजल्यावर जावंसंच वाटेना. नंतर गेले, नाही असं नाही. पण हे पण त्याच घरात झालंय आणि ग्रुपबरोबर गेलं तर या खोलीला तीन मिनिटं मिळतात.

गिरणाकाठ

ताई, हे मी ऐकलं होतं पण लिहायचं टाळलं, खरं सांगतो. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. यादीत गेर्टेचं काही नाही, ती त्याआधीच घराबाहेर.

बऱ्हाणपूर_रोड

थोडं खानदेशी विषयांतर चालेल का, चालत नसेल तरी करतो.

आबांनी यादीतल्या वस्तू लिहिल्या. रेम्ब्रांटने मुघल दरबारच्या चित्रांवरून केलेली रेखाटनं आहेत, आज वीस-पंचवीस उरली आहेत, साधारण १६५६ ते १६६१ मधली, म्हणजे दिवाळं निघालं त्याच काळातली. जपानहून आलेल्या महागड्या कागदावर काढलीत. जहांगीर आहे, शहाजहान तर बऱ्याच वेळा आहे. ही त्या घरात लावलेली नाहीत, जगभरातल्या वेगवेगळ्या म्युझियममधे विखुरलीत, पण त्या कलावस्तूंच्या खोलीत (शंख पोवळी पुतळेवाली) उभं राहून मला हेच डोक्यात. डचांची वखार सुरतेला होती, आणि सुरतेहून बऱ्हाणपूर आग्र्याकडे जाणारा रस्ता आपल्या खानदेशातून जायचा, नंदुरबार वरून. बऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याची राजधानी. शहाजहानचा मुक्काम तिथे होता तेव्हाच १६३१ मधे मुमताज तिथे बाळंतपणात गेली, पहिल्यांदा तिथेच ताप्तीपलीकडे पुरली होती.

म्हणजे बघा, ज्या माणसाची बायको आपल्या तापीकाठी बाळंतपणात गेली त्याचं चित्र ॲमस्टरडॅममधला, स्वतःची बायको तशीच तान्हं पोर ठेवून गेलेला माणूस काढत बसला होता. त्याला हे माहीत असायचं काही कारण नाही. मला माहीत होतं म्हणून मी तिथे जरा जास्त थांबलो, एवढंच.

सराफकट्टा

हे भारी आहे. आता बऱ्हाणपूरला पण परत जायला लागणार, मागच्या वेळी फक्त जिलबी खाऊन आलो.

अमळनेरी_आप्पा

आबा, भलतं भारी लिखं तुम्ही. पन एक इचारू का? तुमना गावमा मूस बाबानं घर शे. तठे कधी गयात का?

एक_धुळेकर

आप्पांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं 😄😄

मेहरूण_तलाव

मूस कोण? (२४ वर्षांचा आहे, रागवू नका)

पोरगी_पाचोऱ्याची

@मेहरूण_तलाव केकी मूस. पारशी, १९१२ चा जन्म मुंबईचा, आयुष्य काढलं चाळीसगावात, स्टेशनजवळ बंगला. फोटोग्राफर, चित्रकार, शिल्प पण करायचे. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी नाव होतं, म्हणजे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड पाडून असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला खरं माळरान खरं घर वाटलं पाहिजे. जवळपास पन्नास वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, अगदी एक-दोन प्रसंग सोडले तर. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले. घर आता म्युझियम आहे.

आणि ती पंजाब मेलची गोष्ट, प्रेयसीने सांगितलं होतं की पंजाब मेलने येईन, म्हणून रोज रात्री ती गाडी यायच्या वेळेला दार उघडून वाट बघायचे, हे आमच्याकडे पाचोऱ्यात पण सगळ्या आज्या सांगायच्या. आणि आबा, बंगल्याचं नाव त्यांनी काय ठेवलं होतं सांगतात माहितीये ना? 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'!!

गिरणाकाठ

काय बोलू आता.

माझं घर तिथून चालत वीस मिनिटं. बँकेत असताना अपडाऊन करायचो, तीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ स्टेशनवर. त्या बंगल्यावरून गेलोय किती वेळा त्याची मोजदाद नाही. आत एकदाही नाही. लहानपणी वडील म्हणायचे तो म्हातारा कुणाला भेटत नाही, उगाच त्रास देऊ नको, आणि नंतर ते गेले तेव्हा मी बदलीवर, आणि मग काय, आपल्याच गावात आहे, जाऊ कधीतरी. हॉलंडला जायला व्हिसाच्या रांगेत दोनदा उभा राहिलो बघा.

नावाचं ऐकलं होतं पण तेव्हा रेम्ब्रांट कोण हेच माहीत नव्हतं, वाटलं असेल कुणी पारशी.

जवसाची_चटणी

"असेल कुणी पारशी" 😂 आबा आता जाऊनच या आणि इथे लिहा. आणि काकूंना पण न्या, त्यांना हॉलंडमधे किती वेळ उभं ठेवलं असेल कुणास ठाऊक.

गिरणाकाठ

ती आलीच नव्हती त्या दिवशी, लेकीकडे वरणफळं करत होती. हुशार आहे.

(नऊ दिवसांनी)

गिरणाकाठ

गेलो होतो मंडळी. काल. एकटाच गेलो, दुपारचा, कारण बायकोला नेलं की चारला चहाला परत.

फार वर्णन करत नाही, तुम्ही स्वतः जा. मी ॲमस्टरडॅमवाली युक्ती केली, आधी एक फेरी नुसती, कशापुढे थांबायचं नाही, कुठे काय आहे ते बघायचं. मग बाहेर येऊन पाणी पिऊन दुसरी फेरी. टेबलटॉपच्या एका फोटोपुढे मी बराच वेळ होतो, आधी खरंच वाटलं बाहेर कुठेतरी जाऊन काढलाय, मग हळूहळू कळायला लागतं की उजेड एकाच बाजूने येतोय आणि सावल्या जरा जास्तच लांब आहेत, मग सगळं टेबलावरचं दिसायला लागतं, आणि एकदा ते दिसलं की पुन्हा पहिल्यासारखं बघताच येत नाही. पाच वेळा प्रयत्न केला. बाहेर न पडणाऱ्या माणसाने बाहेरचे फोटो घरात काढले. आणि उजेडाच्या बाबतीत त्यांनी ते नाव उगाच नाही घेतलं, हे आता मला सांगता येतं, दीड महिन्यापूर्वी आलं नसतं.

आणि आतून गाड्या ऐकू येतात. हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं. मी तीस वर्षं त्या गाड्यांत बसणारा, तिकडून ऐकणारा हा. दुपारी काही पंजाब मेल नव्हती, एक मालगाडी बराच वेळ जात होती.

आता गंमत. मी खिशातली छोटी वही काढून सवयीने लिहायला लागलो, डावीकडून उजवीकडे, फ्रेम अमुक, खुर्ची तमुक, हात थांबेचना. तिथले एक जण लांबून बघत होते, शेवटी जवळ आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, साहेब आपण कुठल्या ऑफिसातून? मी म्हटलं नाही हो, असंच. त्यांचा विश्वास बसला नाही असं वाटतं, नंतर मी जाईपर्यंत चार हात अंतरावरून मागे मागे होते.

अमळनेरी_आप्पा

😂 वसुलीवाला कथा बी गया तरी वसुलीवालाच.

सराफकट्टा

आबा यादीतली पहिली नोंद कोणती केली?

गिरणाकाठ

दरवाजा, एक. आम्ही नेहमी दारापासूनच सुरू करायचो.

एक_धुळेकर

येत्या रविवारी मी येतो, सकाळच्या धुळे-चाळीसगाव गाडीने. आबा तुम्ही स्टेशनवर या. या वेळी पाऊण तासात बाहेर पडलो तर भरीत-भाकरी माझ्याकडून.

जवसाची_चटणी

सासूबाई विचारतायत गुडघ्यांना जिना आहे का.

गिरणाकाठ

@जवसाची_चटणी जिन्याचं मी रविवारी नीट बघून सांगतो, काल लक्षच नव्हतं. @एक_धुळेकर या, पण भरीत आमच्याकडेच, वांगी शेतातली आहेत. आणि परतीचं तिकीट काढून येऊ नका.